फळीवरची दोन मिनिटं

महाड
३ जून २०२५

सौ. उज्वलाताई यांस,
सप्रेम नमस्कार.

फोन न करता पत्र लिहिते आहे, त्याचं नवल वाटेल. तुमच्या वाडीत रेंज फक्त घाटातल्या वळणावर, चहाच्या टपरीशी मिळते असं प्रियदर्शिनी म्हणाली. चार ट्रकवाल्यांच्या देखत विहिणीशी काय बोलणार? शिवाय मी अठ्ठावीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, हात लिहिल्यावाचून राहत नाही. मुलांच्या लग्नाला दोन वर्षं झाली आणि आपण भेटलो अवघ्या तीनदा. त्यात एकदा तुमची पोलादपूरची एसटी सुटत होती.

शौनक आणि प्रियदर्शिनीने पुण्याहून आपल्या दोघींना एकसारखी भेट पाठवली आहे. 'पुनरागमन: बेचाळीस दिवस, घरच्या घरी कार्डिओ आणि कोअर'. गादी, रबरी पट्टा आणि पोपटी टी-शर्ट मिळाला असेलच. माझ्या टी-शर्टवर 'मी परत येतेय' असं छापलं आहे. तो घालून दूध घ्यायला गेले तर दूधवाल्याने विचारलं, कुठे गेला होतात?

शिकवणाऱ्या वैदेही मॅडम पंचवीस-सव्वीसच्या असतील. 'गाईज, कोअर एंगेज करा' म्हणतात. मी त्याचं मराठी केलं, 'गाभा आवळा'. आमचे हे कोचावर पोहे खात बसलेले असतात. म्हणाले, "माझा गाभा निवृत्तीच्या कागदपत्रांबरोबर जमा झाला."

मला मात्र जड जात नाही. शाळेत लेझीम बसवायचे ना मी. जागच्या जागी चालणं, गुडघे वर घेणं, भिंतीला टेकून जोर काढणं सहज जमतं. मॅडमनी तर कालच फळी करायला लावली. कोपर आणि चवडे टेकून अंग फळीसारखं ताठ धरायचं. माझी दीड मिनिट टिकली.

तुम्हाला अंगणवाडीच्या रामरगाड्यात वेळ मिळत नसेल. नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नका.

आपली,
चारुशीला

*

पोलादपूर, घाटाकडची वाडी
९ जून

चारुशीलाताईंना,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. पोस्टमन म्हणाला, या वाडीत हाताने लिहिलेलं पाकीट चार वर्षांनी आलं, कुणाचं काय बिघडलंय?

भेट मिळाली. टी-शर्ट बरा आहे, आतून घालते. व्यायाम मी टपरीवर जाऊन फोनमध्ये उतरवून घेते आणि अंगणवाडीत पोरं गोळा व्हायच्या आधी करते. दुसऱ्या दिवशी पोरं लवकर आली. त्यांनी बघितलं, बाई उड्या मारतात. आता एकवीस पोरं माझ्या मागे उड्या मारतात आणि कुणाची घसरलेली चड्डी सावरण्यात माझा अर्धा कार्डिओ होतो.

वैदेही मॅडम चांगल्या आहेत, पण परवा म्हणाल्या, "डोळे मिटा आणि कल्पना करा की तुम्ही डोंगर चढताय." मी तेव्हाच डोंगर चढून आले होते. घर खाली, अंगणवाडी वर. मी डोळे मिटून कल्पना केली की मी खुर्चीत बसलेय. संध्याकाळी फोन म्हणतो, 'आज तुम्ही हालचाल केली नाही.' कारण फोन घरी चार्जिंगला होता. तो हलला नाही हे खरं आहे.

प्रियाच्या पप्पांनी माझी फळी बघितली. स्वतः गादीवर पालथे पडले आणि झोपले. उठल्यावर म्हणाले, "ह्याला यायाम म्हंतात? मंग मी जल्मभर करतोय गो."

माझी फळी दोन मिनिटं टिकली. वेळ मिळत नाही म्हणून जास्त केली नाही.

तुमची,
उज्वला

*

महाड
१५ जून

उज्वलाताई,
स. न.

दोन मिनिटं म्हणजे कौतुकच. पण ताई, कंबर खाली गेली असेल तर ती फळी धरत नाहीत, असं मॅडम सांगतात. आम्ही आरशात बघून करतो म्हणून कळतं. माझी काल दोन मिनिटं दहा सेकंद झाली. आमच्या ह्यांनी घड्याळ लावलं होतं.

कालचा प्रकार मात्र सांगायलाच हवा. 'डेड बग' नावाचा व्यायाम आहे. उताणं पडून हातपाय वर करून आळीपाळीने हलवायचे. मी त्याला 'मेलेला किडा' म्हणते. मी अशी मेलेली असताना दारात शेजारच्या नीलाबाई हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आल्या. ह्यांनी शांतपणे सांगितलं, "जरा थांबा, ती परत येतेय."

आता आमच्या आळीतल्या पाच जणींनी पुनरागमन घेतलं आहे. पाचही जणी सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात स्कूटरवरून जातात आणि घरी येऊन जागच्या जागी चालतात. मी निदान स्कूटर चालवत नाही, मागे बसते.

तिसऱ्या आठवड्यात बर्पी आहे. उभ्याने खाली बसायचं, पालथं व्हायचं, पुन्हा उठून उडी. मॅडम म्हणाल्या, 'नव्यांनी आणि बऱ्याच वर्षांनी सुरू करणाऱ्यांनी उडी टाळावी, कुणाशी तुलना करू नये.' मी नवी कुठे?

आपली,
चारुशीला

*

वाडी
२२ जून

चारुशीलाताई,
सप्रेम नमस्कार.

आमच्याकडे आरसा आहे, पण तो भांग पाडण्यापुरता. कंबर वर आहे की खाली हे प्रियाच्या पप्पांना विचारलं. ते म्हणाले, "कंबर जाग्यावर हाय. तू बोल, किती लिवायचं?"

अडीच मिनिटं झाली.

मदतनीस मंजुळा माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. तिने पहिल्याच दिवशी करून बघितली, धापा टाकत उठली आणि म्हणाली, "बाई, अडीच मिंटं? भात शिजाया टाकला तर दोनदा ढवळून हुईल." तिला मी कामाला लावलं.

बर्पी मी केली. दहा केल्या. तुम्ही किती करता ते कळवा.

उज्वला

*

महाड
१ जुलै

उज्वलाताई,
स. न.

पत्राला उशीर झाला. मॅडमनी विश्रांतीचा आठवडा दिला आहे, स्नायूंना सावरायला. इकडे सर्व क्षेम. पाऊस बरा आहे. प्रियदर्शिनीशी बोलणं होतं का? मला हल्ली तिचा आवाज थकलेला वाटतो. कामाचा ताण असेल.

बर्पीचा आकडा पुढच्या पत्री.

चारुशीला

*

वाडी
८ जुलै

चारुशीलाताई,

शनिवारी प्रियाच्या पप्पांचे डोळे तपासायला महाडला आलो होतो. औषधाच्या दुकानात पुढे एक गृहस्थ कमरेचा पट्टा मागत होते. "मोठ्यातला मोठा द्या," म्हणत होते. वळले तर तुमचे कमलाकरराव.

मी विचारलं, "तुमची कंबर धरली का?"

म्हणाले, "माझी कशाने धरणार? मी बसून असतो. तिची धरली. बर्पी का काय ती, पंधरा करायच्या म्हणाली. तिसरीला आडवी झाली ती आज दहा दिवस आडवीच आहे. सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर नेऊन शेकतो. तुम्हाला कळवलं नाही का तिने?"

मी म्हटलं, कळवलं.

मग तुमच्या फाटकापर्यंत आले. खिडकी उघडी होती. आत तुम्ही कुणाला तरी सांगत होतात, उशी जरा वर सरकव. मी कडीला हात लावला आणि माघारी फिरले. वाटलं, मी समोर आले तर तुम्ही उठून बसाल. मला बघून तुम्ही नक्की उठून बसला असतात.

म्हणून लिहून सांगते. माझी फळी अठरा सेकंद टिकते. सगळ्यात जास्त अठरा. दहा बर्प्यांतल्या नऊ पोरांनी केल्या. खोटं का लिहिलं ते नीट सांगता येत नाही. तुम्ही लिहिलंत, 'वेळ मिळत नसेल', 'वाईट वाटून घेऊ नका', ते मला लागलं. माझ्या लेकीच्या सासरी माझी फळी कमी पडू नये असं वाटलं.

माझ्या दहा बर्प्यांचं ऐकून तुम्ही पंधरा करायला गेलात. तुमच्या कमरेत माझा वाटा आहे. माफ करा.

उज्वला

*

महाड
१२ जुलै

उज्वलाताई,

तुमचं पत्र पडल्या पडल्या वाचलं. हसले, कळ आली, पुन्हा हसले.

अकरा सेकंद. त्यातले शेवटचे तीन पोट गादीवर टेकलेलं होतं. घड्याळ ह्यांनी लावलं होतं हे खरं. अकराव्या सेकंदाला ते म्हणाले, "चहाला एवढाच वेळ लागला असता तर!" माझं पहिलं पत्र मीच आठवून पाहिलं. तुम्हाला लागलं ते बरोबर लागलं. तुम्हाला लागावं म्हणूनच ते वाक्य होतं. लग्नाच्या स्वागतसमारंभात तुम्ही सुती साडीत, ताठ, सगळ्यांशी हसून बोलत होतात आणि आमच्याकडच्या बायका मला विचारत होत्या, "हीच का विहीण?" मला तेव्हा तुमच्या शेजारी उभं राहता आलं असतं. मी जेवणाची व्यवस्था बघायला गेले. व्यवस्था केटरर बघत होता.

आता दुसरी गोष्ट. पडून पडून कंटाळले म्हणून पुनरागमनच्या ॲपमधली सगळी पानं उघडून बघितली. 'तुमचे उद्दिष्ट' असं एक पान आहे. ते शौनकने भरलंय. जसंच्या तसं उतरवते: 'डिसेंबरअखेर तीन किलो वजन कडेवर घेऊन तीन मजले चढता येणे. पुढच्या सहा महिन्यांत हेच वजन आठ किलोपर्यंत. दिवसातून चाळीस वेळा वाकता येणे.'

मी ह्यांना दाखवलं. ते म्हणाले, गॅस सिलिंडर असेल. सिलिंडर तीन किलोचा नसतो. तुमचं पान बघून कळवा.

चारुशीला

*

वाडी
१७ जुलै

ताई,

माझ्या पानावर तेच, शब्दाला शब्द. तीन किलोपासून सुरू होऊन महिन्या-महिन्याने वाढणारी वस्तू तेहतीस वर्षं माझ्या मांडीवर आहे. मी चप्पल घातली आणि टपरीवर गेले.

प्रियाला फोन लावला. म्हटलं, "कितवा?"

ती म्हणाली, "चौथा लागलाय, मम्मी."

"आणि आईला मोबाईलवरून कळतंय?"

तेव्हा ती रडायला लागली. ताई, मागच्या वर्षी दिवाळीच्या सुमारास तिचं एक गेलं. अडीच महिन्यांचं. दोघांनी कुणालाही सांगितलं नाही. या खेपेला पाच महिने पुरे होईपर्यंत तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं. डॉक्टरांनी जिने चढू नको, आराम कर म्हणून सांगितलंय. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. शौनक सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो.

मी म्हटलं, "मग आम्हाला बोलवायचं. उड्या कशाला मारायला लावल्या?"

म्हणाली, "कुणाला बोलवायचं ह्याच्यावर आमची तीन भांडणं झाली. तुला बोलावलं तर त्यांना राग, त्यांना बोलावलं तर तू म्हणणार मला कमी लेखलं. शौनक म्हणाला, दोघींना एकच कोर्स देऊ. जी जास्त फिट होईल ती येईल. मेरिटवर."

टपरीवाला हैबती कढई ढवळायची सोडून ऐकत होता. म्हणाला, "वैनी, झाल्या का पास?"

पोरीला मी ओरडले नाही. नंतर वळणावर उभी राहून खूप वेळ दरी बघितली. एवढं घडलं आणि माझ्या लेकीला मला सांगावंसं वाटलं नाही. तेही आपल्या दोघींच्या भांडणाच्या भीतीने, आणि आपलं तर तोवर भांडणही झालं नव्हतं.

आता काय करायचं?

उज्वला

*

महाड
२१ जुलै

उज्वलाताई,

दिवाळीत ती दोघं इथे आली होती. प्रियदर्शिनी दोन दिवस नुसती पडून होती आणि मी नीलाबाईंना म्हटलं होतं, आजकालच्या मुलींना जरा काम नको.

माझी कंबर तीन मजले चढणार नाही, डॉक्टरांनी निक्षून सांगितलं. तेव्हा तुम्हीच जायला हवं. तुमच्या अंगाला कष्टांची सवय आहे. तुम्हा लोकांना उचलणं, चढणं, धावपळ याचं काही वाटत नाही, आम्ही आपल्या बसून बसून बिघडलेल्या. आणि अंगणवाडीचं काय, मानधनाचं तर काम. सोडलंत तरी घर काही अडणार नाही, शौनक आहेच.

कधी निघता ते कळवा, म्हणजे लाडू करून ठेवते.

आपली,
चारुशीला

*

वाडी
२५ जुलै

जय भीम.

'तुम्हा लोकांना' म्हणजे कोणत्या लोकांना?

मी पंचवीस वर्षांची असताना या अंगणवाडीत आले. तेव्हा छप्पर नव्हतं. वाडीतलं तिशीच्या आतलं प्रत्येक माणूस माझ्या हातचं जेवलंय. प्रियाचं कॉलेज त्या 'मानधनाच्या कामावर' झालं. पस्तिशीनंतर माझे गुडघे दुखायला लागले, ते कुणाला दिसले नाहीत कारण मी दाखवले नाहीत. आम्हाला वाटतं, ताई. सगळं वाटतं.

माझ्या लेकीसाठी काय करायचं ते मी बघेन. लाडू करू नका.

उज्वला महादू साळवे

*

महाड
६ ऑगस्ट

उज्वलाताई,
सप्रेम जय भीम.

हे पाचवं पत्र आहे. पहिली चार फाडली. पहिल्यात लिहिलं होतं की 'तुम्हा लोकांना' म्हणजे खेड्यातल्या लोकांना. दुसऱ्यात, म्हणजे कष्टाळू लोकांना. तिसऱ्यात मी आमच्याकडे सगळ्यांना सारखं कसं वागवतात ते दीड पान लिहिलं. चौथं ह्यांनी वाचलं आणि म्हणाले, "निबंध छान झालाय. दहापैकी आठ. पण तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कुठे आहे?"

उत्तर असं की तुम्हाला जे वाटलं तेच मी म्हटलं होतं. लिहिताना मला ते कळलं नाही, एवढं सहज आलं. लग्नाला मी 'आम्ही नाही मानत' असं सगळ्यांना सांगत हिंडले, आणि विहिणीच्या घरी दोन वर्षांत एकदाही गेले नाही. मला माफी मागायची आहे. त्यापुढे 'पण' लावणार नाही.

आता एक विचारते, पटलं तर बघा. डॉक्टर म्हणतात जिने नकोत, पण हळूहळू चालणं आणि हलकं काम कमरेला चांगलं. तुम्ही रजा घेऊन प्रियदर्शिनीकडे जा. अंगणवाडीत मी येते. नोंदी, आहार, सरकारी काम मंजुळाबाई बघतील. मी गाणी, गोष्टी, अक्षरं. एसटीने सकाळी येईन, संध्याकाळी परत. तुमच्या पर्यवेक्षिका बाईंना चालेल का, विचाराल?

तुमची जागा मी घ्यायची नाही. तुम्ही परत याल तेव्हा ती तुमचीच हवी.

चारुशीला

*

वाडी
११ ऑगस्ट

ताई,

'सप्रेम जय भीम' वाचलं. 'सप्रेम' आणि 'जय भीम' यांच्यामध्ये शाईचा डाग पडलाय, म्हणजे बराच वेळ पेन टेकून विचार केलेला दिसतो. चालेल.

राग गेला नाही, पण उत्तर मिळालं. ते फार लोक देत नाहीत.

पर्यवेक्षिका बाई म्हणाल्या, मदतनीस जबाबदारी घेत असेल आणि निवृत्त शिक्षिका फुकट गाणी शिकवत असेल तर हरकत कशाला? सोमवारी प्रियाचे पप्पा टपरीवर तुम्हाला उतरवून घेतील. तिथून वर पंचवीस मिनिटं चालायचं आहे. हळू चाला. कुणाशी तुलना करू नका.

दुपारचं जेवण आमच्या घरी. मी नसले तरी चूल आहे.

उज्वला

*

वाडी, अंगणवाडी
२५ ऑगस्ट

उज्वलाताई,

तुमच्या जागेवर बसून लिहिते आहे, पोरं झोपली आहेत.

पंचवीस मिनिटांच्या चढाला मला पहिल्या दिवशी पंचावन्न मिनिटं लागली. महादूभाऊ पुढे चालत होते. प्रत्येक दगडाशी थांबून दुसरीकडे बघत उभे राहायचे, म्हणजे मी बसले तर मला लाज वाटू नये. एकदाच बोलले, "बाई, डोंगार पळून जात नाय. दम खावा."

पोरांनी विचारलं, "बाई कुठं गेल्या?" मी म्हटलं, पुण्याला. मग विचारलं, "तुला उड्या येतात?" मी म्हटलं, नाही. एकवीस जणांचे चेहरे पडले. माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीचा असा निकाल कधी लागला नव्हता.

दुपारी घरी गेले. महादूभाऊंनी पान घेतलं, भाकरी, सुकटीची चटणी, भात. वाढताना हात थांबवून म्हणाले, "बाई, इचारतो, राग नका मानू. आमच्यात जेवनार ना? नायतर केळी हायत."

उज्वलाताई, शिव्या दिल्या असत्या तर इतकं लागलं नसतं. माझ्या मुलाचे सासरे, माझ्या नातवंडाचे आजोबा, आणि त्यांना केळी आणून ठेवावी लागली होती. मी म्हटलं, "भाऊ, सुकट अजून वाढा. मला तिखट चालतं."

चालत नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं. दोघांनीही ते चटणीवर ढकललं.

जमिनीवर बसते तेव्हा उठायला भिंत लागते. दिवसातून किती वेळा बसते ते मोजलं नाही.

चारुशीला

*

पुणे
१९ सप्टेंबर

ताई,

प्रिया बरी आहे. परवाच्या तपासणीत डॉक्टरांनी समाधान मानलं. बाळ लाथा मारतं. माझा हात धरून तिने तिच्या पोटावर ठेवला आणि मागच्या वर्षीचं सगळं पहिल्यांदा सांगितलं. मी ऐकत बसले. इतर काही काम मला इथे नाही.

कारण स्वयंपाक शौनक करतो. मी आले त्या दिवशीच त्याला सांगितलं, बाळ येईल तेव्हा आजी चार महिने असेल, बाप जन्मभर. तर तुमचं उद्दिष्ट तुम्हीच पुरं करा. पोपटी टी-शर्ट त्याला दिला. पाच किलो तांदूळ कडेवर घेऊन रोज तीन मजले चढतो. पहिल्या मजल्यावर 'मम्मी, जरा थांबू का' म्हणतो. मेरिटमध्ये अजून बसत नाही.

प्रिया विचारत होती, आई तिकडे रोज जातात हे खरं का? मी तुमचं जेवणाचं पत्र तिला वाचायला दिलं. तिने ते परत दिलं नाही, उशीखाली ठेवलंय.

मंजुळा फोनवर म्हणाली, पोरांतली साक्षी अजून जेवत नाही. तिच्याकडे बघाल का?

उज्वला

*

वाडी, अंगणवाडी
१० ऑक्टोबर

उज्वला,

अहोजाहो काढलं, चालेल ना? चाळीस दिवस मी तुझ्या चुलीवरचं खाते आहे.

साक्षीचं सांगते. तीन वर्षांची, पण दिसते दीड वर्षाची. वाटीतली खिचडी बोटाने इकडची तिकडे करायची आणि बाहेर कोंबडीला घालायची. ओरडून झालं, गोष्ट सांगून झाली, गाणं म्हणून झालं. मंजुळाबाई म्हणाल्या, तिची आई पहाटे कामाला जाते, बाप मुंबईला. घरात ती एकटी जेवते, म्हणजे जेवतच नाही.

मग मी माझी वाटी घेऊन तिच्यासमोर मांडी घालून बसले. एक घास मी घेतला. तिने माझ्याकडे बघितलं. दुसरा मी घेतला. तिसऱ्याला तिने घेतला. दुसऱ्या दिवशी ती माझ्या आधी जागेवर येऊन बसली होती, आणि मी वाटी आणायला उठले तर पदर धरून म्हणाली, "तू नको जाऊस. तू खा."

तेव्हापासून रोज दोनदा तिच्याबरोबर जेवते. घरी गेल्यावर पुन्हा जेवण. शिवणीतून ब्लाउज उसवलाय. पुनरागमनच्या पाच जणींमध्ये माझा फोटो 'आधी' म्हणून चालेल असं नीलाबाई म्हणाल्या. मी म्हटलं, खुशाल घाला.

आज महिन्याची वजनं होती. मंजुळाबाईंनी साक्षीला काट्यावर उभं केलं. गेले दोन महिने काटा एकाच जागी येऊन थांबत होता. मंजुळाबाईंनी बघितलं, डोळे बारीक करून पुन्हा बघितलं आणि म्हणाल्या, "बाई, चारशे ग्राम वाढली."

मी म्हटलं, काटा बिघडला असेल. तिला उतरवलं, दुसऱ्या मुलाला उभं केलं, त्याचं बरोबर आलं. पुन्हा तिला चढवलं. चारशे.

मी जन्मभर काट्यावरचा आकडा खाली यावा म्हणून देवाला हात जोडले आहेत. आज तो वर गेला म्हणून मी मांडीवर हात मारून ओरडले. पोरं घाबरली, मग तीही ओरडायला लागली. काय झालं ते बघायला महादूभाऊ खालून धावत आले. मी हैबतीच्या टपरीवरून पेढे मागवले. पेढे नव्हते, भजी आली. एकवीस पोरांनी आणि आम्ही तिघांनी भजी खाल्ली.

साक्षीला काही कळलं नाही. ती काट्यावरच उभी होती, आकड्याकडे बघत. मग दोन्ही हात वर केले, घे म्हणून.

मी वाकले आणि तिला उचललं. ती कडेवर नीट बसेपर्यंत आम्ही दारापर्यंत आलो होतो.

चारू